किरणोपचाराची पदवी : ब्रिटनमधील विद्यापीठांकडे अर्ज कसा करावा

शास्त्र शाखेतून बारावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींपुढे डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा आहेत, अशी समजूत आपल्या घराघरांतून अजून दृढ आहे. वैद्यकीय प्रवेशाची यादी लागते, नाव त्यात नसते, आणि घरावर सुतकी कळा पसरते. वास्तविक रुग्णसेवेच्या क्षेत्रात डॉक्टरांखेरीज अशी कितीतरी कामे आहेत की ज्यांस विद्यापीठाची पदवी लागते, कायद्याने मान्यता आहे आणि समाजात मान आहे. त्यांपैकी एका कामाची व त्याच्या पदवीसाठी करावयाच्या अर्जाची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. या कामास इंग्लंडात ‘थेरप्युटिक रेडिओग्राफी’ म्हणतात. आपण त्यास किरणोपचार म्हणू. परदेशी जाण्याची ज्यांची तयारी व ऐपत आहे त्यांस ही माहिती सरळ उपयोगी पडेल. इतरांस निदान एका व्यवसायाची ओळख होईल.

१. हे काम कोणते?

रॉन्टगेन यांस क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. थोड्याच काळात या किरणांचे दोन उपयोग ध्यानात आले. शरीराच्या आत पाहणे हा एक, आणि शरीरातील रोगट पेशी नष्ट करणे हा दुसरा. पहिल्या उपयोगातून निदान करणारे रेडिओग्राफर निर्माण झाले; मोडलेल्या हाडाचा फोटो काढतात ते हे. दुसऱ्या उपयोगातून कर्करोगावर किरणांचा उपचार करणारे रेडिओग्राफर निर्माण झाले. दोघांचे नाव जवळजवळ एक, पण अभ्यास निराळा, यंत्रे निराळी आणि रुग्णाशी येणारा संबंधही निराळा. छातीचा फोटो काढताना विजेचा दाब सुमारे १२० किलोव्होल्ट असतो; उपचाराच्या यंत्रातील नेहमीच्या किरणांची शक्ती ६ मेगाव्होल्ट, म्हणजे पन्नासपट असते. या यंत्रास लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने रुग्णावर पहिला उपचार १९५३ साली झाला.

किरणांनी पेशीच्या गाभ्यातील डीएनएला इजा होते. निरोगी पेशी ही इजा बरीचशी भरून काढतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणून सर्व मात्रा एकदम न देता ती रोज थोडीथोडी देतात. मात्रेचे माप ग्रे हे आहे. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी ५० ग्रे मात्रा २५ दिवसांच्या बैठकांत देत असत. पुढे ४० ग्रे १५ बैठकांत देऊ लागले. आणि २०२० साली फास्ट-फॉरवर्ड या ब्रिटिश चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर २६ ग्रे अवघ्या ५ बैठकांत देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. रोजची मात्रा वाढली, एकूण मात्रा कमी झाली आणि रुग्णाच्या खेपा पाचवर आल्या. घरापासून दूर राहणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या बाईस याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

उपचार कोणता व मात्रा किती हे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर ठरवितात. पदार्थविज्ञानाचे तज्ज्ञ यंत्राची अचूकता पाहतात. रुग्णाचे मोजणीचे स्कॅन काढणे, योजना आखण्यास हातभार लावणे, रोज त्यास त्याच जागी मिलिमीटरच्या हिशेबाने निजविणे, जागा बरोबर आहे हे चित्र घेऊन पडताळणे आणि किरण सोडणे हे रेडिओग्राफरचे काम. डोके व मान यांच्या उपचारात चेहऱ्यावर प्लास्टिकचा घट्ट मुखवटा बसवितात. शरीराच्या अन्य भागी कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदतात. मग सर्वजण खोलीबाहेर येतात, आणि रुग्ण आत एकटा राहतो. त्याच्यावर कॅमेऱ्यातून लक्ष असते, ध्वनियंत्रातून त्याच्याशी बोलता येते. डॉक्टरांची भेट अधूनमधून होते. रेडिओग्राफर मात्र उपचाराच्या प्रत्येक दिवशी भेटतो. केस गळतील का, गिळताना दुखते ते थांबेल का, मी वाचेन का, हे प्रश्न रुग्ण त्यालाच विचारतो. हे सारे ज्यास समजले, त्यास अर्ज लिहिता येतो. ज्यास समजले नाही, त्याची इंग्रजी भाषा कितीही चांगली असली तरी अर्ज पोकळच राहतो.

येथे मुलींच्या माता दोन शंका हटकून काढतात. पहिली किरणांच्या धोक्याची. उपचाराची खोली जाड काँक्रीटच्या भिंतींची असते, किरण चालू असताना आत रुग्णाखेरीज कोणी नसते, आणि यंत्र बंद केल्याबरोबर क्ष-किरणही बंद होतात. कर्मचाऱ्यांच्या अंगावर किरण मोजणारा बिल्ला असतो. दुसरी शंका मर्यादेची. स्त्री व पुरुष अशा दोन्ही रुग्णांस हात लावून निजवावे लागते, हे खरे. ज्या मुलीस ते मुळीच नको असेल तिने या वाटेस जाऊ नये. परंतु रुग्णाचे अंग आवश्यक तेवढेच उघडे ठेवणे हा या शिक्षणाचाच भाग आहे. स्वच्छतेसाठी कर्मचाऱ्यांना कोपराखाली हात उघडे ठेवावे लागतात. धर्माच्या कारणाने ज्यांस हे अवघड वाटते त्यांच्यासाठी एकदा वापरून टाकावयाच्या बाह्यांची सोय इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या २०१० च्या मार्गदर्शनात सुचविलेली आहे. प्रत्येक रुग्णालयाचा नियम मात्र आधी विचारून घ्यावा.

२. पदवी व तिची मान्यता

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे ही पदवी तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. दुसऱ्या शास्त्र विषयाचा पदवीधर असल्यास बहुधा दोन वर्षांचा एम.एस्‌सी. अभ्यासक्रमही मिळतो. शेफील्ड हॅलम, लिव्हरपूल, कार्डिफ इत्यादी विद्यापीठांत हे शिक्षण दिले जाते. काही ठिकाणी पदवीचे नाव ‘रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजी’ असे असते, म्हणून केवळ नावावरून शोधू नये. शिक्षणाचा मोठा भाग रुग्णालयात प्रत्यक्ष कामात जातो. शरीररचना, किरणांचे पदार्थविज्ञान, कर्करोगशास्त्र आणि रुग्णाशी संभाषण हे मुख्य विषय होत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. ब्रिटनमध्ये ‘थेरप्युटिक रेडिओग्राफर’ हे नाव कायद्याने राखलेले आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या मंडळाच्या पटावर ज्याचे नाव आहे त्यालाच ते लावता येते, आणि तेथे शिकलेल्याचे नाव या मंडळाने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा केल्यावरच पटावर चढू शकते. मान्य अभ्यासक्रमांची यादी मंडळाकडे सर्वांस पाहावयास मिळते. ‘मेडिकल इमेजिंग’ अथवा ‘कॅन्सर सायन्स’ अशा आकर्षक नावाची पदवी घेऊन हे काम मिळेलच असे नाही. दलालाच्या शब्दावर भरवसा ठेवून पैसे भरण्यापूर्वी ही यादी स्वतः पाहावी. दागिने मोडून भरलेली फी चुकीच्या पदवीवर गेली, तर ती परत येत नाही.

३. अर्जाची यंत्रणा

पदवीचे अर्ज प्रत्येक विद्यापीठाकडे निरनिराळे न करता यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत करतात. एका अर्जात पाचपर्यंत अभ्यासक्रम निवडता येतात. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गासाठी बहुतेक अभ्यासक्रमांची मुख्य मुदत त्याच वर्षी जानेवारीच्या मध्यास असते. म्हणजे तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू व्हावयास हवी. बारावीत एक तरी शास्त्र विषय असावा लागतो. जीवशास्त्र किंवा पदार्थविज्ञान असल्यास उत्तम. गणित व इंग्रजी यांचीही अट असते. आपल्या बोर्डाचे किती गुण लागतात आणि इंग्रजीच्या परीक्षेत कोणती श्रेणी हवी, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे सांगते. रुग्णालयातील जागा मर्यादित असल्याने सर्वच विद्यापीठे परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. हे प्रथम विचारावे, निवड नंतर करावी.

४. स्वतःचे निवेदन

अर्जाचा प्राण म्हणजे विद्यार्थ्याचे निवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेले आहेत. हा विषय का शिकावयाचा, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर आणखी काय केले व ते उपयोगी का, असा त्यांचा आशय आहे. तिन्ही मिळून ४००० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, तीत मोकळ्या जागाही मोजतात. प्रत्येक उत्तर किमान ३५० चिन्हांचे हवे.

पाचही निवडींस हे एकच निवेदन जाते. त्यामुळे तीन अर्ज किरणोपचारासाठी व दोन निदानाच्या रेडिओग्राफीसाठी केले, तर निवेदन दोन्हीकडे अर्धेच लागू पडते. आधी मन निश्चित करावे.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात “मला लहानपणापासून सेवेची आवड आहे” हे वाक्य सर्वच लिहितात. सेवा परिचारिकाही करते, डॉक्टरही करतो. मग किरणोपचारच का? रोज तोच रुग्ण भेटतो, यंत्र व माणूस दोन्ही सांभाळावी लागतात, अचूकतेवर प्राण अवलंबून असतो, असे कारण द्यावे, आणि ते आपल्याला कोठे व कसे पटले तेही सांगावे. दुसऱ्या उत्तरात गुणांची यादी नको, ती अर्जात अन्यत्र असतेच. किरणोत्सर्गाच्या धड्यातून काय कळले, प्रयोगवहीत मोजमापाची चूक कशी शोधली, हे लिहावे. तिसऱ्या उत्तरासाठी जवळच्या कर्करोग रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन किरणोपचार विभाग एकदा तरी पाहावा. परवानगी न मिळाल्यास वृद्धांची शुश्रूषा, रक्तदान शिबिरातील काम, अपंग मुलांच्या शाळेतील मदत यांचाही उपयोग होतो. मात्र काय केले यापेक्षा त्यातून काय उमगले याला महत्त्व आहे. ज्या रुग्णाविषयी लिहावयाचे त्याचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नये. गुप्तता पाळता येते की नाही, याची परीक्षा येथेच सुरू होते.

दुसऱ्याचे निवेदन उतरून काढण्याचा मोह कोणी धरू नये. यूकॅसकडे सारखेपणा शोधणारी यंत्रणा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजम्यास भोक पडल्याची हकीकत २३४ अर्जदारांनी लिहिलेली आढळली! एवढे पायजमे खरोखर जळाले असतील, असे कोण मानील? हल्ली यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे. तिलाही हेच लागू. मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या अनुभवास गुळगुळीत उसन्या वाक्याहून अधिक किंमत आहे.

अर्जासोबत शिक्षकाचे पत्र जाते. आम्हा शिक्षकांस ते लिहावयाचे असते, म्हणून विद्यार्थ्यांनी निदान महिनाभर आधी सांगावे आणि कोणत्या पदवीसाठी अर्ज आहे ते समजावून द्यावे.

५. मुलाखत

अर्ज पसंत पडल्यास बहुधा मुलाखत होते. निदान व उपचार यांतील फरक, रेडिओग्राफरचा एक दिवस, रुग्ण रडू लागल्यास काय कराल, सहकाऱ्याची चूक दिसल्यास काय कराल, असे प्रश्न असतात. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेची सहा मूल्ये ठरलेली आहेत : रुग्णासाठी एकत्र काम, आदर व प्रतिष्ठा, सेवेच्या दर्जाची तळमळ, करुणा, जीवन सुधारणे आणि प्रत्येकाची गणना. ही पाठ म्हणून दाखविण्याचा उपयोग नाही. प्रत्येकासाठी आपल्या आयुष्यातले एक उदाहरण तयार असावे. चुकीविषयी विचारल्यास “लपवीन” असे उत्तर कोणी देत नाही, पण “त्याला एकांतात सांगेन” एवढेही पुरे नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे काम थांबवून वरिष्ठांस कळविणे हेच कर्तव्य. जागा मिळाल्यावरही पूर्वचारित्र्याची तपासणी, आरोग्यतपासणी व लसी या अटी पुऱ्या कराव्या लागतात.

६. खर्च व परतीची वाट

इंग्लंडच्या रहिवासी विद्यार्थ्यांस या शिक्षणासाठी वर्षाला ५००० पौंडांचे अनुदान, आणि या विषयात माणसे कमी असल्याने आणखी १००० पौंड मिळतात. आपल्या येथून गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यास ते मिळत नाही. उलट त्याची फी रहिवाशाहून पुष्कळ अधिक असते. राहण्याचा व प्रवासाचा खर्च निराळा. हिशेब पहिल्या वर्षाचा न करता पूर्ण तीन वर्षांचा करावा.

हेच शिक्षण आपल्या देशातही मिळते, हे विसरू नये. येथे त्यास रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी म्हणतात, आणि पदवीचे वर्ग कर्नाटक, तामिळनाडू इत्यादी राज्यांत आहेत. उपचाराच्या यंत्रावर कोणी काम करावे याचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ घालते, आणि २०२१ च्या कायद्याने अशा सर्व व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. परदेशी पदवी घेऊन परत यावयाचे असेल, तर ती येथे कशी मान्य होईल याची चौकशी जाण्यापूर्वी करावी. ज्या घरास परदेशाचा खर्च झेपणारा नाही, त्या घरच्या मुलाने मन खट्टू करू नये. यंत्र तेच, किरण तेच, आणि रुग्णाची भीतीही तीच.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षी एक सूचना करून आम्ही लेख आटोपतो. शिष्यवृत्तीच्या रकमेइतकीच विद्यार्थ्यांस योग्य वेळी मिळालेल्या माहितीची किंमत असते. ट्रस्टने दरवर्षी मे महिन्यात एक दिवस ठरवून रुग्णालयात काम करणारे आपल्यातील लोक आणि अकरावी-बारावीची मुले यांची गाठ घालून द्यावी, डिसेंबरात मुलाखतीचा सराव घ्यावा, आणि परदेशी अर्ज करणाऱ्याचा अभ्यासक्रम मान्य आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन जाणत्या सभासदांस नेमावे. याला मोठा निधी लागत नाही. थोडा वेळ व आस्था लागते, आणि ती आपल्या सभासदांपाशी भरपूर आहे.