उत्तंक मुनींचा प्रश्न

ईश्वर सर्वज्ञ आहे असे आपण म्हणतो, त्याअर्थी माणूस पुढे काय करणार हेही त्यास आधीच ठाऊक असले पाहिजे. मग जो वाकड्या वाटेने जाणार हे ठाऊक आहे, त्यास वाट निवडण्याची मोकळीक दिलीच का? प्रवचन आटोपल्यावर सभामंडपात हा प्रश्न पुष्कळदा निघतो. तरुण मंडळींनी तो काढला की वडीलधाऱ्यांस तो नास्तिकपणा वाटतो आणि ते त्यांस दटावून गप्प करतात. आमच्या मते हे दटावणे बरे नव्हे. हाच प्रश्न महाभारतात एका तपस्व्याने प्रत्यक्ष श्रीकृष्णास विचारला आहे, आणि तो नम्रपणे नव्हे, तर शाप देण्याच्या तयारीने.

कथा आश्वमेधिक पर्वातील आहे. भारतीय युद्ध होऊन गेले आहे आणि भगवान हस्तिनापुराहून द्वारकेस निघाले आहेत. वाटेत निर्जल प्रदेशात उत्तंक मुनींची गाठ पडते. तपात मग्न असलेल्या मुनींस युद्धाची वार्ताही नाही. कौरव-पांडवांत सलोखा घडवून आणलात ना, असे ते सहज विचारतात. दोन्ही कुळांचा बहुतेक संहार झाला हे कळताच मुनींचा संताप अनावर होतो. ज्याच्या अंगी बळाने युद्ध थांबविण्याचे सामर्थ्य होते त्याने ते थांबविले नाही, हा त्यांचा आरोप आहे. नीट पाहिले तर आपल्या सभामंडपातील प्रश्नाहून हा प्रश्न तसूभरही वेगळा नाही. सामर्थ्य होते, ज्ञान होते, मग अडविले का नाही?

भगवान या आरोपावर रागावत नाहीत. ते मुनींस अध्यात्म सांगतात आणि मग आपली बाजू मांडतात. तिचा आशय असा: आपण ज्या योनीत अवतरतो त्या योनीच्या रीतीनेच वागतो, मनुष्यजन्मात मनुष्यासारखे वागावे लागते. म्हणून कौरवांस काकुळतीने विनविले, मग भयही दाखविले. परंतु त्यांनी ऐकले नाही.

या विनवणीची हकीकत उद्योगपर्वात सविस्तर आहे. पाच गावांवरही पांडव समाधान मानावयास तयार होते, इतके खाली उतरून ही शिष्टाई झाली. दुर्योधन ऐकणार नाही हे विदुरासही दिसत होते आणि त्याने श्रीकृष्णास तसे स्पष्ट सांगितलेही. त्यावर भगवंतांनी दिलेले उत्तर मननीय आहे: शक्तीनुसार धर्मकार्याचा यत्न करूनही ज्यास यश येत नाही, त्यास त्या कार्याचे पुण्य मिळतेच. येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. फलिताविषयी शंका नसतानाही भगवान हस्तिनापुरास का गेले? ती विनवणी केवळ देखावा होती असे म्हणावे, तर अवतारावर कपटाचा दोष येतो. ती खरी होती असे म्हणावे, तर दुर्योधनास ‘होय’ म्हणणे खरोखरच शक्य होते, हे मान्य करावे लागते. दगडास कोणी विनवीत नाही. विनवणी त्यासच करतात, जो मान हलवू शकतो.

आता ज्ञानाचा भाग. पंचांगकर्ते ग्रहणाचा दिवस व घटिका आधीच छापतात; म्हणून पंचांगाने ग्रहण लागले असे कोणी म्हणत नाही. एखादी गोष्ट जाणणे निराळे आणि ती घडविणे निराळे. हा दृष्टांत कीर्तनात नेहमी दिला जातो व तो काही अंशी योग्यही आहे. तथापि तो पुरा पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. सूर्य-चंद्र हे काही स्वेच्छेने फिरत नाहीत, आणि पंचांगकर्त्याने ते निर्माण केलेले नाहीत. ईश्वर तर जगाचा कर्ताच मानला आहे. मग जाणणारा आणि घडविणारा एकच असता जबाबदारी कोणावर?

या शंकेचे उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दोन ठिकाणी आले आहे. पहिल्या पादात असा आक्षेप घेतला आहे की, कोणास सुखी व कोणास दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरेल. उत्तर असे की, ईश्वर जीवांच्या कर्मास अनुसरून सृष्टी करतो. श्रीशंकराचार्यांनी येथे पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस भात व जव यांवर सारखाच पडतो. भाताचे भात आणि जवाचे जव होतात ते आपापल्या बीजामुळे. पण पहिल्याच सृष्टीच्या वेळी कर्म कोठले? सूत्रकारांनी ही शंकाही सोडलेली नाही. संसार अनादि आहे, असे ते सांगतात. म्हणजे एखाद्या दिवशी ईश्वराने जीव नवा घडविला आणि त्याच्या हाती स्वातंत्र्य नावाची वस्तू ठेवली, असे आपल्या शास्त्रांचे म्हणणेच नव्हे. ‘मोकळीक का दिली’ या प्रश्नातील ‘दिली’ हा शब्दच त्यामुळे सैल होतो.

तिसऱ्या पादात जीव हा कर्ता आहे की नाही याचा विचार आहे. तो कर्ता नसेल तर ‘हे करावे, ते करू नये’ असे सांगणारे सारे शास्त्र व्यर्थ होईल, हा तेथील मुख्य मुद्दा. आपल्या सभासद कुटुंबांत स्मार्तही आहेत व वैष्णवही. तेव्हा आचार्यांत येथे मतभेद आहेत हे लपविण्याचे कारण नाही. श्रीशंकराचार्यांच्या मते कर्तेपण हा आत्म्याचा मूळ स्वभाव नव्हे, ते उपाधीमुळे येते. सुतार हत्यारे हाती घेतो तेव्हा कर्ता होऊन शिणतो, आणि ती खाली ठेवून घरी आला की सुखाने बसतो, तसे हे आहे. श्रीमध्वाचार्यांच्या मते स्वतंत्र असा एक विष्णूच. जीव कर्ता आहे खरा, पण त्याचे कर्तेपण हरीच्या अधीन आहे. श्रीरामानुजाचार्यांचा दृष्टांत समाईक जमिनीची खातेफोड पाहिलेल्या आमच्या वाचकांस विशेष पटेल. दोघांच्या समाईकीतील वस्तू एकास तिसऱ्याच्या हवाली करावयाची झाली, तर दुसऱ्याची अनुमती लागतेच. तरी देण्याचे फळ जो देऊ इच्छितो त्याचेच. त्याप्रमाणे पहिला यत्न जीवाचा, आणि अंतर्यामी अनुमती देतो. अनुमती नसेल तर बोटही हलणार नाही. पण बोट कोणीकडे हलवावयाचे, ही ओढ आपली. तिन्ही आचार्यांत इतके अंतर असूनही शास्त्राची आज्ञा माणसासच उद्देशून आहे, याविषयी एकवाक्यता आहे.

लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याचे दहावे प्रकरण याच विषयावर आहे. त्याचे नावच ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध झाला, पण लिहिला गेला तो मंडालेच्या तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात. कोठडीत बसलेल्या मनुष्याने आत्म्याच्या स्वातंत्र्याची चर्चा करावी, हे आम्हांस नेहमीच विलक्षण वाटते. ज्यांच्या घरी हा ग्रंथ कपाटात नुसता ठेवलेला आहे, त्यांनी निदान हे प्रकरण तरी वाचावे.

स्वतः गीतेत तर ही अडचण उघडीच ठेवली आहे. अकराव्या अध्यायात भगवान अर्जुनास दाखवितात की, समोरचे योद्धे काळाने आधीच मारलेले आहेत, त्याने केवळ निमित्त व्हावे. एवढ्यावरच उपदेश संपला असता तर अर्जुन बाहुलेच ठरला असता. परंतु अठराव्या अध्यायात, ईश्वर सर्व भूतांस यंत्रावर बसविल्याप्रमाणे फिरवितो असे सांगितल्यानंतर लगेच, आता या साऱ्याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे तेच भगवान म्हणतात. दोन्ही वचने जवळजवळ ठेवताना गीताकारांस संकोच वाटला नाही. विश्वरूप पाहिलेल्या शिष्यासही हुकूम मिळाला नाही, विचार करण्याची सूचना मिळाली.

याचा आपल्या नित्याच्या वागण्याशी काय संबंध, ते पाहू. गोमंतकात व कोकणात देवास कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीवर पाकळ्या लावून, कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून देवाचे उत्तर ताडतात. या चालीची आम्ही थट्टा करीत नाही. द्विधा झालेल्या मनास तिने पुष्कळदा धीर येतो. पण मुलीचे स्थळ नीट न पाहता, तिचे मन न विचारता लग्न ठरवावयाचे, आणि पुढे तिच्या नशिबी दुःख आले की ‘देवानेच कौल दिला होता’ म्हणून हात झटकावयाचे, याला भक्ती म्हणता येणार नाही. तेथे आपण आपली निवड देवाच्या नावावर चढविलेली असते. भाऊबंदकीत कोर्टकज्जे करून घर मोडल्यावर ‘देवाच्या मनातच होते’ असे म्हणणेही त्याच मासल्याचे. अर्थात महापूर, तापसराई, अर्भकाचा मृत्यू यांत कोणी निवड केलेली नसते. तेथे स्वातंत्र्याचे हे उत्तर लागू पडत नाही, आणि शोकात असलेल्या माणसापुढे ते ठेवणे हे क्रौर्य होय. माणूस माणसाशी जे करतो, तेवढ्यापुरताच हा विचार आहे.

उत्तंक मुनींची कथा येथेच संपत नाही. पुढचा भाग कीर्तनात क्वचितच सांगतात. मुनींचा क्रोध शमल्यावर त्यांस विश्वरूपाचे दर्शन घडले व वर मिळाला, की तहान लागेल तेव्हा स्मरण करताच पाणी मिळेल. एके दिवशी त्या निर्जल रानात ते तहानेने व्याकूळ झाले आणि त्यांनी स्मरण केले. समोर आला तो कुत्र्यांनी वेढलेला, उघडा, मळकट चांडाळ; आणि तो त्यांस पाणी देऊ लागला. मुनींनी ते नाकारले. त्याने पुन्हा पुन्हा विनविले, मुनींनी त्यास धिक्कारले. तो अंतर्धान पावला. मग भगवंतांनी येऊन सांगितले की, तो इंद्र होता आणि त्याच्या हाती अमृत होते. मर्त्यास अमृत देण्यास इंद्र राजी नव्हता. भगवंतांच्या आग्रहावरून तो या वेषात देण्यास कबूल झाला होता, मुनी नाकारतील तर ते त्यांस मिळणार नाही, या अटीवर.

ज्या मुनींनी दुर्योधनास बळाने का अडविले नाही असे विचारले, त्यांच्या मुखात तरी भगवंतांनी बळाने अमृत कोठे ओतले? दुर्योधनापुढे झाली तशीच येथेही विनवणीच झाली, आणि तशीच ती फुकट गेली.

आपल्या देवळांच्या इतिहासात हे पाणी शेकडो वर्षे नाकारले गेले आहे. अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या भक्तांस आपल्या वाडवडिलांनी दाराबाहेर उभे केले. आतल्या देवाने कोणाचा हात धरला नाही, की दार आपोआप उघडले नाही. पंढरपूरचे श्रीविठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींस प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार माणसांच्या निर्णयाने उघडले. 1950 साली राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, तोही माणसांचाच निर्णय होता. देव सर्वज्ञ असून इतका काळ गप्प का राहिला, असे जे विचारतात, त्यांनी त्याच दमात हेही विचारावे की, तो काळभर दाराशी विनवीत कोण उभे होते.

मुनींस भगवंतांनी शेवटी रिकाम्या हाती सोडले नाही. तहान लागेल त्या त्या दिवशी या रानावर मेघ जमून गोड पाणी देतील व ते उत्तंकाच्या नावाने ओळखले जातील, असा दुसरा वर त्यांस मिळाला. अमृत गेले ते गेलेच. पाणी मात्र मिळाले.

प्रारब्ध आणि प्रयत्न यांची सीमा कोठे, हा याला लागूनच असलेला विषय पुढील अंकी घेऊ.