तक्त्यांतील फॉन्ट-बदल आणि मॅक्रोचा उपयोग

निकालपत्रके, हजेरीचे गोषवारे व पटनोंदणीचे तक्ते आता संगणकावर तयार होतात. प्रत्येक तक्त्याचे शीर्षक ठळक करणे, फॉन्ट व अक्षरांचा आकार बदलणे, या त्याच त्या कृतींत शिक्षकांचा पुष्कळ वेळ खर्ची पडतो. हा वेळ वाचविण्याचे साधन म्हणजे मॅक्रो होय. मॅक्रो म्हणजे क्रमाने केलेल्या कृतींची संगणकाने ठेवलेली नोंद. ती एकदा करून ठेवली म्हणजे पुढे एका आज्ञेने सर्व कृती घडतात.

एक्सेलमध्ये प्रथम शीर्षकाच्या चौकटी निवडाव्यात. नंतर ‘व्ह्यू’ विभागातील ‘मॅक्रोज’मधून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ घ्यावे. मॅक्रोच्या नावात मोकळी जागा सोडू नये. मग फॉन्ट निवडावा, आकार 14 करावा, अक्षरे ठळक करावीत आणि ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ने नोंद थांबवावी. चौकटींची निवड नोंद चालू असताना केल्यास मॅक्रो सामान्यतः प्रत्येक वेळी त्याच चौकटींवर चालतो. धारिका एक्सएलएसएम प्रकारात जतन करावी. एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो राहत नाही.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. फॉन्ट बदलल्याने केवळ अक्षराचे रूप बदलते, मूळ संकेत बदलत नाही. कृतिदेव फॉन्टमध्ये दिसणारा ‘राम’ हा शब्द वस्तुतः जे, के, ई या तीन रोमन अक्षरांचा असतो. त्यास युनिकोड फॉन्ट दिला की तीच रोमन अक्षरे दिसू लागतात. पूर्वीचा फॉन्ट पुन्हा दिल्यास नाव परत येते, हे खरे. परंतु एकाच तक्त्यात कृतिदेव, युनिकोड व इंग्रजी मजकूर मिसळलेला असेल आणि मॅक्रोने सर्वांस एकच फॉन्ट दिला, तर कोणती चौकट कोणत्या फॉन्टची होती ही खूणच नाहीशी होते. विद्यार्थ्याचे नाव दाखल्यावर शुद्ध येणे हा त्याचा हक्क आहे. तो अशा घाईत डावलला जाऊ नये.

एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेला बदल ‘अन्डू’ने सहसा मागे घेता येत नाही. म्हणून मूळ धारिकेची प्रत आधी ठेवावी. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर रूपांतरक-साधनाने करावे व प्रत्येक नाव दाखल-खारीज नोंदवहीशी पडताळावे. अपरिचित ठिकाणाहून आलेल्या धारिकेतील मॅक्रो चालवू नये.

स्वाध्याय : पाच नावांचा नमुना-तक्ता करून त्याच्या प्रतीवर मॅक्रो चालवावा. कोणत्या चौकटी बदलल्या व कोणत्या बदलावयास नको होत्या, हे केंद्र-संमेलनात मांडावे.