प्लेटलेट घटल्या, कोड चुकला. बिल कोणाच्या माथी?

बायपासनंतर किंवा डायलिसिसच्या वेळी रुग्णाला रक्त गोठू न देणारे हेपरिन दिले जाते. सुरू केल्यापासून पाच ते दहा दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या, तर डॉक्टरांना संशय येतो ‘हिट’चा, म्हणजे हेपरिनमुळे होणाऱ्या प्लेटलेटघटीचा. यात रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचा धोका मोठा. त्यामुळे हेपरिन बंद करून आर्गॅट्रोबॅनसारखे महागडे औषध द्यावे लागते. अँटिबॉडीची तपासणी होते, आयसीयूतले दिवस वाढतात आणि बिल फुगते.

कोड घालण्याचा खर्च मात्र शून्य. मेडिक्लेमच्या फॉर्मचा ‘भाग ब’ हॉस्पिटल भरते, त्यातच आयसीडी-१० या आजारांच्या कोडचे रकाने असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीनुसार इथे डी६९.५, म्हणजे अन्य कारणाने घटलेल्या प्लेटलेट, आणि जोडीला वाय४४.२, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा दुष्परिणाम. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी यादी असेल, तर हिटला स्वतंत्र कोड आहे: डी७५.८२. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याचेही पोटप्रकार झाले. अँटिबॉडीमुळे झालेला हिट डी७५.८२२.

घाईत डी६९.६ पडला, तर कारणच नोंदले जात नाही आणि महागड्या औषधावर विमा कंपनीची क्वेरी येते. डी६९.३ त्याहून वाईट. तो आयटीपीचा कोड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते असा स्वतंत्र आजार. मग ‘हा आधीपासून होता का?’ हा प्रश्न आलाच, आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. एका आकड्याने औषधाचा दुष्परिणाम जुना आजार ठरतो!

कोडर डॉक्टरांनी लिहिले तेवढेच कोडमध्ये उतरवतो. म्हणून डिस्चार्जआधी समरी वाचा. ‘हेपरिनमुळे’ हा शब्द, हेपरिन सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, प्लेटलेटचे आधीचे-नंतरचे आकडे आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट त्यात हवेत. निदान पक्के नसेल, तर क्लेमसाठी ते लिहून घेण्याचा हट्ट धरू नका. तो अंगाशी येतो. पुढे कोणी पुन्हा हेपरिन देऊ नये म्हणूनही हा कागद जपून ठेवा.

केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. कॅशलेस डिस्चार्जला कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे.

क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.