कागदावरील संघ

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस एक नवा छंद जडला. अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉल खेळाडूंपैकीं आवडतील ते निवडून प्रत्येकानें आपला एक काल्पनिक संघ वहींत लिहावयाचा, आणि त्या खेळाडूंनीं आपापल्या खऱ्या सामन्यांत जी कामगिरी केली असेल तिची बेरीज करून कोणाचा संघ श्रेष्ठ तें ठरवावयाचें. छंद निरुपद्रवी आहे. गणिताच्या शिक्षकानें त्यावर रागावूं नये. परंतु शाळेचा संघ निवडतांना मींही तीच रीत वापरली व तिचें फळ मुलांस भोगावें लागलें, म्हणून हा विषय येथें मांडीत आहें.

प्रथम वहींतील हिशेबच पाहूं. एका खेळाडूनें २० फेकी करून ८ साधल्या, म्हणजे शेकडा ४०. दुसऱ्यानें ५ करून ३ साधल्या, म्हणजे शेकडा ६०. दोघांचें मिळून प्रमाण ५० असें बहुतेक मुलें सांगून मोकळीं होतात. तें चूक आहे. एकूण २५ फेकींत ११ साधल्या, म्हणजे शेकडा ४४. जो अधिक फेकी करितो त्याचें वजन अधिक. त्याची उणीव भरून काढण्यास टोपलीजवळून पुष्कळ फेकी साधणाराच सोबती पाहिजे, क्वचित् फेकणारा नेमबाज पुरत नाहीं.

आतां मैदानावर या. वहींतील पांच खेळाडू पांच निरनिराळ्या संघांतले असतात, म्हणून प्रत्येकाचा चेंडू वेगळा असतो. मैदानावर चेंडू एकच! आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा; चेंडू हातीं आल्यावर २४ सेकंदांच्या आंत फेक केली पाहिजे. दोन्ही पक्षांनीं दर वेळीं पूर्ण अवधि घेतला तर प्रत्येकास ५० संधी मिळतात. खेळ जलद करून त्या ७५ झाल्या असें धरलें, तरी २० फेकींची संवय असलेल्या पांच जणांस १०० कोठून द्यावयाच्या?

विल्ट चेंबरलेन याचें उदाहरण येथें फार उद्बोधक आहे. १९६१-६२ च्या मोसमांत तो दर सामन्यास सुमारें ४० फेकी करी व सरासरी ५० गुण मिळवी. २ मार्च १९६२ रोजीं तर त्यानें ६३ फेकींपैकीं ३६ साधून, दंडाच्या फेकी धरून, एकट्यानें १०० गुण केले. तरीही त्या वर्षीं अजिंक्यपद त्याच्या संघास मिळालें नाहीं. पुढें १९६६-६७ मध्यें, फिलाडेल्फियाच्याच दुसऱ्या एका संघांत, त्यानें फेकी सुमारें १४ वर आणिल्या, पण त्यांतील शेकडा ६८ साधल्या; शिवाय दर सामन्यास सात-आठ वेळां सोबत्याच्या हातीं चेंडू देऊन त्याच्याकडून गुण करविले. त्या संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकून अजिंक्यपदही मिळविलें. सोबती चांगले होते हें खरें. पण चेंडू हातीं आल्यावांचून तें कळलें कसें असतें?

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीही आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील एका आंतरशालेय सामन्यासाठीं मीं वर्गसामन्यांत सर्वांत अधिक गुण मिळविणारे पांच जण निवडले. मध्यंतरापर्यंत ते पांचही चेंडूसाठीं हात वर करून उभे होते. टोपलीवरून उसळलेला चेंडू घेण्यास खालीं कोणीच नव्हता. सामना गेला. परततांना, सबंध वेळ बांकावर बसलेल्या एका मुलानें विचारिलें, "सर, मीं गुण केले नाहींत म्हणून मला घेतलें नाहींत ना?" तो वर्गसामन्यांत तीन-चारच फेकी करी, पण त्याचा पक्ष सहसा हरत नसे. मीं "होय" म्हणालों. दुसरें खरें उत्तर नव्हतें.

यंदाच्या निवडीच्या तक्त्यांत गुणांशेजारीं आणखी तीन रकाने आंखले आहेत: केलेल्या फेकी, उसळता घेतलेला चेंडू, आणि ज्यावर सोबत्यानें गुण केला ते पास. तो मुलगा गुणांच्या रकान्यांत अद्याप तळाशींच आहे. शेवटच्या रकान्यांत मात्र त्याच्यापुढें कोणी नाहीं.