मटणाची ताकद रश्श्यात नाही

परवा दवाखान्यात पासष्टीच्या एक आजी आल्या. चार पावले चालले की धाप लागते, हातपाय गळून जातात, अशी तक्रार. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८ निघाले. स्त्रियांना ते निदान १२ हवे. सोबतचा मुलगा गोंधळला. "डॉक्टरसाहेब, दर हप्त्याला घरी मटण असते. मायला वाटीभर रस्सा देतोच." मी आजींकडे पाहिले. त्या हसल्या, तर तोंडात दोनच दात. "फोडी कशानं चावू बापा?"

मटण शिजले की ताकद रश्श्यात उतरते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. म्हणून आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना रस्सा आणि कमावत्यांच्या ताटात फोडी. प्रत्यक्षात रश्श्यात उतरते ती मुख्यतः चव, चरबी आणि मीठ. प्रथिने व लोह बहुतांशी फोडीतच राहतात. १०० ग्रॅम बोकडाच्या मटणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि मांसातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीर सहज घेते.

दात नसलेल्यांना यावर सोपा उपाय म्हणजे खिम्याचे गोळे. इटलीत यांना पोलपेत्ते म्हणतात. तिथल्या गृहिणींची एक युक्ती घेण्याजोगी आहे. शिळा पाव दुधात भिजवून त्या खिम्यात मिसळतात. गोळा मऊ राहतो आणि थोडे मटण जास्त माणसांना पुरते. (शेवयांसारख्या स्पॅगेटीवर हे गोळे वाढण्याची पद्धत अमेरिकेत गेलेल्या इटालियनांनी रूढ केली. आपल्याला भातच बरा.)

अर्धा किलो बोकडाचा खिमा घ्यावा. शिरा व चामट भाग आधीच काढायला सांगावे. दुधात भिजवून पिळलेले दोन पाव, पाव नसेल तर रात्रीची एक पोळी, एक अंडे, बारीक चिरलेला कांदा, लसूण, सांभार आणि मीठ घालून हलक्या हाताने कालवावे. फार मळले तर गोळा घट्ट होतो. लिंबाएवढे गोळे थोड्या तेलात सगळीकडून परतून टमाटरच्या रश्श्यात झाकण ठेवून अर्धा तास उकळावेत. तिखट बेताचे असावे. खाताना लिंबू पिळावे, लोह अधिक लागू पडते. चहा मात्र तासाभराने.

अर्धा तास मी मुद्दाम सांगतो. फोडीवरचे जंतू बहुधा वरच्या बाजूलाच असतात, ते शिजताना मरतात. खिमा करताना सुरीचे, ओंडक्याचे, हाताचे जंतू थेट गोळ्याच्या पोटात जातात. वरून खमंग तांबूस दिसणारा गोळा आत कच्चा असू शकतो. मधोमध ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. घरी थर्मामीटर लावणार कोण? तेव्हा रश्श्यात वेळ पुरता द्यावा आणि सर्वांत मोठा गोळा फोडून पाहावा. खिमा त्याच दिवशी शिजवावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसते कपाट.

डुकराचे मटण असेल तर आणखी जपावे. त्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते घेऊच नये. ते पट्टकृमीच्या अळ्यांचे दाणे. अर्धकच्चे खाल्ले तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, कच्ची भाजी, पाणी यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अंड्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत पोचल्या की फिट येतात. म्हणजे ज्याने जन्मात मटण खाल्ले नाही, त्यालाही असा झटका येऊ शकतो. घरात कोणाला पहिल्यांदा फिट आली तर देवऋषीकडे दिवस घालवू नका, दवाखान्यात आणा.

आजींची सिकलसेलची तपासणी केली. ती आपल्या भागात करावीच, त्याआधी लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. शौचही तपासले, त्यात अंकुशकृमी निघाले. त्यांचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सुनेला खिम्याच्या गोळ्यांची कृती कागदावर लिहून दिली. महिन्याने आजी एकट्याच चालत आल्या. हिमोग्लोबिन साडेनऊ. गोळ्या आणखी तीन महिने घ्यायच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारले, "कोणत्या? तुमच्या की सुनेच्या?"