थंडीत तडकणारं प्लास्टिक : रबर कुठलं, किती आणि लागतं तरी का?

कॅरेट, टब, घमेली असं मोल्डिंगचं छोटं युनिट टाकायचा ज्यांचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. मे महिन्यात दणकट वाटलेला माल जानेवारीत का तडकतो?

आपल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचंच उदाहरण घ्या. हिरवी मिरची कोल्ड स्टोरेजला साधारण ७ ते १० अंशांवर ठेवतात. त्याखाली गेली तर मिरचीच खराब होते. आता साधं पॉलिप्रोपिलीन, म्हणजे बाजारातलं पीपी, शून्याच्या आसपास काचेसारखं वागायला लागतं. आतल्या लांब साखळ्या जखडतात, धक्का पचवायला जागा उरत नाही. आणि हे काही शून्यावर बटण दाबल्यासारखं होत नाही. जोरात आपटलं तर ८-१० अंशांतही कोपरा उडू शकतो. हमाल कॅरेट अलगद ठेवणार नाही, हे धरूनच चाला.

इथे रबर कामाला येतं. ईपीडीएम रबर उणे ५० अंशांच्या आसपासपर्यंत लवचिक राहतं. त्याचे बारीक थेंब पीपीत नीट विखुरले, की धक्का बसल्यावर प्रत्येक थेंबाभोवतीचं प्लास्टिक थोडं थोडं ताणलं जातं. एकच चीर पळत सुटण्याऐवजी मार असंख्य ठिकाणी वाटला जातो. गाड्यांचे प्लास्टिक बंपर बहुतेक याच जातीच्या मिश्रणाचे असतात.

पण थेंब बारीक म्हणजे किती? साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. म्हणूनच टायरची पावडर टाकून हे काम होत नाही. 'रबर ते रबरच ना भाऊ' म्हणत कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ते रबर आधीच व्हल्कनाइज झालेलं असतं, पुन्हा वितळत नाही, कण शेकडो मायक्रॉनचे राहतात आणि पीपीला धड चिकटतही नाहीत. चीर तिथूनच सुरू होते. स्वस्तासाठी भरमसाट खडूचा फिलर टाकला तरी माल बहुधा कडक आणि ठिसूळच होतो.

आता व्यवहाराचं बोलू. ईपीडीएम बहुतेक गठ्ठ्यात येतं, ते कापायला आणि मिसळायला जड मशीन लागतं. पीओई नावाचं इलॅस्टोमर दाण्यात मिळतं, ते पीपीच्या दाण्यासोबत सरळ हॉपरमध्ये जातं. तरी मोल्डिंग मशीनचा एकटा स्क्रू ते एकसारखं मिसळेलच असं नाही. ट्विन स्क्रूवर जॉबवर्क करून घेतलेलं बरं. प्रमाण साधारण १० ते २० टक्के. त्यापुढे गेलात तर ताठपणा जातो, आणि आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हात थप्पीतलं खालचं कॅरेट फुगतं. शिवाय किलोचा भाव वाढतो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर पहिल्या ऑर्डरला स्वतः मिश्रण करायच्या नादाला लागू नका. तयार पीपीसीपी घ्या, त्यात रबराचा भाग कारखान्यातच तयार झालेला असतो. आणि माल उणे १८ अंशांच्या फ्रोझन मटारसाठी जाणार असेल, तर आधी एचडीचा विचार करा. एचडी त्या थंडीतही चिवट राहतं, रबराची गरजच पडत नाही. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न रंगाचा नाही, तापमानाचा विचारा. साच्याचे आतले कोपरेही गोल ठेवा. टोकदार कोपरा म्हणजे आयती खाच.

टेस्टिंगला लाखाचं मशीन लागतं असं नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातानंतर रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत रबरी रिंगचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला होता. थंडीत त्याची उसळी जाते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये दहा नग रात्रभर ठेवा. बाहेर काढल्या काढल्या एकाच उंचीवरून एकच वजन टाका. गरम व्हायला वेळ देऊ नका. साध्या पीपीचे दहा नग शेजारी घेऊन किती फुटले ते वहीत लिहा. मोठा गिऱ्हाईक कागद मागत असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटला नमुने न्या. तिथे आयझॉड इम्पॅक्ट टेस्टची चौकशी करा, आणि ती नेमकी कुठल्या तापमानाला हवी आहे ते अर्जातच लिहा. नाहीतर रिपोर्ट २३ अंशांचा येईल आणि तो थंडीत काही कामाचा नाही.