सायकलने दीक्षाभूमीला: पहिल्या दिवसाची काळजी आणि सिकलसेल

दसरा जवळ आला की वस्तीवस्तीत सायकलने नागपूरला जाण्याची बोलणी सुरू होतात. चंद्रपूरहून दीक्षाभूमी रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर आहे. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी असा मार्ग. दोन दिवस धरले तर पहिला मुक्काम जामच्या आसपास पडतो, म्हणजे पहिल्याच दिवशी ८० किलोमीटरच्या वर सायकल चालवायची. पंधरा-वीस जणांच्या गटात सगळे सारखे नसतात. कोणाकडे गिअरची सायकल, कोणाकडे वडिलांची जुनी बावीस इंची. कोणी रोज सायकलनेच कामावर जाणारा, तर कोणी वर्षभर पायडलला पाय न लावलेला. पहिल्या दिवशी जोर जास्त असतो आणि अंदाज कमी, म्हणून या पानावर त्या एकाच दिवसाचा विचार करू.

निघण्याच्या निदान महिनाभर आधी एक काम करायचे, ते म्हणजे सिकलसेलची तपासणी. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आहे तसा आपल्या समाजातही आहे. तो संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून रक्तातून येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, पैसे लागत नाहीत. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून 'एएस' की 'एसएस' ते ठरते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. अनेक घरांत रिपोर्ट कपाटात दडवून ठेवतात, मुलीचे लग्न जुळणार नाही म्हणून. ती भीती खोटी नाही, समाज तसा वागतो. पण ज्या मुलाला आपला पॅटर्नच माहीत नाही, तो गटाबरोबर उन्हात ८० किलोमीटर निघतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो.

एसएस असलेल्यांनी एवढा लांब पल्ला सायकलने गाठू नये. त्यांना घरी ठेवा असे नाही. सामानाच्या गाडीत बसून यावे, नोंदी ठेवाव्यात, पाणी वाटावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या प्रवासातही चुकवू नयेत. वाटेत विहिरीवर किंवा नदीवर थंड पाण्यात एकदम उडी मारू नये, अचानक गारठ्याने दुखणे उठू शकते.

एएस असलेल्यांचे वेगळे आहे. एरवी त्यांना काहीच त्रास नसतो. ते खेळतात, ओझी उचलतात, आणि त्यांनी सायकल चालवायला हरकत नाही. पण ऊन, पाण्याची कमतरता आणि अंगाबाहेरचा जोर हे तिन्ही एकत्र आले, तर त्यांच्याही लाल पेशी विळ्यासारख्या होऊन स्नायूंतला रक्तपुरवठा अडवू शकतात. शिवाय त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी राखणे नीट जमत नाही, म्हणून पाणी लवकर कमी पडते. त्यांनी महिनाभर आधीपासून दहा, वीस, तीस किलोमीटर असा सराव वाढवत न्यावा. ताप किंवा हगवण झाली असेल तर त्या वेळी जाऊ नये, पुढच्या वर्षी जावे. आणि शर्यत तर मुळीच लावू नये. संथ चालवणाऱ्यापेक्षा एकदम जोर मारणाऱ्याला हा धोका जास्त असतो.

आता प्रत्यक्ष दिवस. आदल्या संध्याकाळी सीट बघा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी असली की दुपारपर्यंत गुडघे बोलू लागतात. पहाटे पोहे किंवा भाकर खाऊन, फटफटताच निघा. साध्या सायकलने ताशी बारा किलोमीटर ही चांगली चाल आहे. या हिशेबाने आठच्या सुमारास भद्रावती येते. तिथली विजासन लेणी पाहण्याचा मोह सर्वांना होतो. जरूर पाहा, पण त्या थांब्यात खाणेही उरका. या पट्ट्यात कोळशाचे ट्रक फार, म्हणून एका मागे एक चालवा, दोघांनी बाजूबाजूने गप्पा मारत नको. तोंडाला रुमाल बांधला की धूळही कमी जाते.

सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. गटाची चाल त्याच्या पायांवर ठरू द्या. तो शेवटी राहिला की पुढचे थांबून विसावतात, आणि तो पोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

पाणी तहान लागेपर्यंत थांबवू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. नुसते पाणी मात्र दिवसभर ढोसू नये. घामावाटे मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. पुड्याचे ओआरएस असेल तर पुडा पुड्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण ओता, अर्धा अर्धा नको. खिशात गूळ-फुटाणे, केळी, शेंगदाण्याचे लाडू असू द्या आणि तासाभराने काहीतरी तोंडात टाका. पोट रिकामे पडले की हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वरोऱ्याला अकराच्या आत पोचा आणि अडीचपर्यंत सावलीत पडा. उरलेले पस्तीसेक किलोमीटर अंधार पडण्याआधी होतात.

कोणी म्हणाले "माझे पाय चालत नाहीत", तर हसू नका. गोळा आला असेल तर पिंढरी दगडासारखी घट्ट लागते, ताणून चोळल्यावर सुटते. पण स्नायू हाताला मऊच लागतो आणि पायांत, कमरेत जीव उरलेला नाही असे वाटते, तर एएस असलेल्याच्या बाबतीत ती धोक्याची खूण समजा. त्याला तिथेच थांबवा, सावलीत आडवे करा, शुद्धीत असेल तर मिठाचे पाणी द्या आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'एएस आहे' हे सांगा. कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, धडपडू लागला, तर उष्माघात धरा. घाम येत असला तरी धरा. रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका, आधी अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला.

मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येकाने लघवीचा रंग बघावा. पिवळसर असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे, जेवणाआधी भरून काढा. कोऱ्या चहासारखी किंवा लालसर असेल, तर तो स्नायू मोडल्याचा किंवा मूत्रपिंडावर ताण आल्याचा इशारा असू शकतो. रात्रीच दवाखाना गाठा आणि सकाळी त्याची सायकल गाडीत चढवा. बाकीच्यांनी खिचडी खाऊन नवाच्या आत झोपावे. जामपासून नागपूर आणखी सत्तरेक किलोमीटर आहे, आणि त्या हायवेवर ट्रक पहिल्या दिवसापेक्षा वेगाने धावतात.